दुसऱ्यांचे उपदेश कसे अभ्यासावेत?

प्रश्न : तासगाव तालुक्यातील एका लहान ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) मी रविवारी उपदेश करतो. सेमिनरीचे, म्हणजे पाळक घडवणाऱ्या संस्थेतले, शिक्षण झालेले नाही. शास्त्रभाग (उपदेशासाठी निवडलेला बायबलमधील उतारा) ठरला की त्यावरील नामांकित उपदेशकांचे संदेश मी वाचतो, मोबाइलवर ऐकतो आणि वहीत उतरवून घेतो. परंतु मग माझ्या तोंडून त्यांचीच वाक्ये निघतात, आणि मंडळीतील एका वडीलधाऱ्यांनी तसे बोलूनही दाखवले. असा अभ्यास करावा का, आणि कसा?

उत्तर : जरूर करावा. प्राचीन चर्चचे बिशप आणि धर्मपंडित संत ऑगस्टिन यांनी इ.स. 426 च्या सुमारास पूर्ण केलेल्या ख्रिस्ती शिकवणुकीवरील ग्रंथाच्या चौथ्या भागात म्हटले आहे, की तल्लख बुद्धीच्या माणसाला वक्तृत्वाचे नियम घोकण्यापेक्षा चांगल्या वक्त्यांना वाचून आणि ऐकून ती कला अधिक सहज साधते. ते स्वतः पूर्वी वक्तृत्वाचे शिक्षक होते, त्यामुळे या मताला वजन आहे.

तुमची अडचण मला क्रमात दिसते. शास्त्रभाग ठरताच तुम्ही दुसऱ्याचा संदेश उघडता, म्हणून त्या वचनांचा तुम्हाला लागणारा पहिला अर्थच त्याचा असतो. आठवड्याचे पहिले दोन-तीन दिवस केवळ बायबल घेऊन बसावे, आपले मुद्दे कच्चे का होईना लिहून काढावेत, आणि मगच त्याच शास्त्रभागावरील एखाद्या उपदेशकाचा संदेश हाती घ्यावा. तेव्हा आपण ओलांडून गेलेल्या वचनापाशी तो का थांबला, आपल्याला महत्त्वाचे वाटलेले त्याने का सोडले आणि त्याचा एखादा मुद्दा शास्त्रभागातून निघाला की बाहेरून आणून बसवला, हे दिसू लागते. वहीत त्याची वाक्ये उतरवू नयेत. प्रत्येक परिच्छेदाने कोणते काम केले एवढेच एका ओळीत टिपावे : येथे अर्थ उलगडला, येथे शंका घेतली, येथे श्रोत्याला प्रश्न केला.

छापील संदेशाबाबत एक सावधगिरी हवी. लंडनचे चार्ल्स स्पर्जन (1834–1892) थोडकी टिपणे घेऊन उपदेशाला उभे राहत; लघुलेखक ते बोलणे उतरवून घेत आणि स्पर्जन त्यावर स्वतः हात फिरवून ते छापायला देत. आठवड्याला एक याप्रमाणे हे संदेश 1855 पासून, त्यांच्या मृत्यूनंतरही, 1917 पर्यंत निघत राहिले. म्हणजे आपण वाचतो तो मजकूर सुधारलेला आहे, आणि तो जसाच्या तसा म्हटला की पुस्तक वाचल्यासारखे वाटणारच. बोलण्याची लय प्रत्यक्ष ऐकूनच शिकावी. त्यासाठी सांगली-मिरजेकडच्या मंडळ्यांत जावे, आणि वारकरी कीर्तनकार एकाच अभंगावर श्रोत्यांना किती वेळ धरून ठेवतो हेही पाहावे, रेव्ह. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती संदेशासाठी कीर्तन हाती घेतले ते उगाच नव्हे.

दाखले मात्र उसने घेऊच नयेत. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील द्राक्षवेलावर (फळ देणारा फाटा अधिक फळ यावे म्हणून छाटला जातो, असे तेथे म्हटले आहे) बोलताना थंड देशातला उपदेशक हिवाळ्यातल्या एका छाटणीचे वर्णन करील. तुमच्यासमोर बसलेले बागायतदार एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी घेतात. खरड छाटणीनंतर फळ हाती येत नाही, आधी काडी तयार व्हावी लागते आणि घड लागतात ते पुढच्या छाटणीनंतर, हे त्यांना कोणी शिकवायला नको. छाटले गेल्यावर फळाची वाट पाहणे म्हणजे काय, हे सांगायला याहून जवळचा दाखला कुठला? (अर्थात दोन छाटण्या मूळ वचनात नाहीत, म्हणून तो फार ताणू नये.)

उसनवारी उघड असेल तर तिच्यात लाज नाही. ज्याला सांगता येते पण रचता येत नाही, त्याने दुसऱ्याचा चांगला उपदेश पाठ करून सांगण्यास ऑगस्टिन यांची हरकत नव्हती, आणि 1547 मध्ये इंग्लंडच्या चर्चने पाळकांना वाचून दाखवण्यासाठी तयार उपदेशांचे पुस्तकच काढले होते. तेव्हा पूर्ण संदेश दुसऱ्याचा असेल त्या रविवारी आरंभीच त्याचे नाव सांगावे. पचवून आपला झालेल्या विचारासाठी दरवेळी नामावळी वाचण्याची गरज नाही. परंतु दुसऱ्याच्या आयुष्यातला प्रसंग ‘माझ्या बाबतीत असे घडले’ म्हणून सांगणे हे सरळ खोटे बोलणे आहे. नाव आठवत नसेल, तर ‘एका उपदेशकाने सांगितले’ एवढे म्हटले तरी पुरते.