गाडीचं नाव सोडा, माप सांगा

प्रश्न : वडिलांनी लिलावात घेतलेली दुसऱ्या महायुद्धातली डॉज वेपन्स कॅरियर (डब्ल्यूसी-51) आमच्या शेडमध्ये आहे. इंजिन चालतं, पण सेल्फ दमल्यासारखा फिरतो. मागच्या ड्रममध्ये तेल उतरतं, ब्रेकच्या व्हील सिलिंडरना आतून खड्डे पडलेत आणि मेकॅनिकने डाव्या चाकाचे दोन स्टड (नट बसतो ते बोल्ट) तोडले. पुण्यातल्या नाना पेठेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, डॉजचं नाव काढलं की दुकानदार हसतात. परदेशातून सगळं मागवणं झेपणार नाही. काय करावं?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : आधी त्या मेकॅनिकचा हात थांबवा. या गाडीच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात. नट घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. तुमच्या माणसाने जोर लावून घट्ट केला आणि स्टड गेले. नवे लेथवर करून मिळतील, भोसरीत अशी कामं करणारे खूप आहेत. पण साध्या एमएसच्या (मऊ पोलादाच्या) सळईतून नकोत; ईएन-24 हे मजबूत मिश्र पोलाद घेऊन हीट ट्रीटमेंट करून घ्या. आटे उलटेच ठेवा. एका चाकावर दोन जातीचे स्टड म्हणजे पुढच्या मेकॅनिकसाठी सापळा.

आता नाना पेठ. दुकानदाराचं हसणं बरोबर आहे, डॉजचा पार्ट त्याने कुठून द्यावा? बेअरिंग सोडवा, रॉकेलने धुवा, रिंगच्या तोंडावर कोरलेला नंबर वाचा आणि बेअरिंगच्या दुकानात फक्त तो नंबर सांगा. इंची टेपर रोलर बेअरिंगचे नंबर फार बदललेले नाहीत. ड्रममध्ये उतरणारं तेल अडवणाऱ्या ऑइल सीलचंही तसंच : शाफ्टचा व्यास, बसायच्या जागेचा व्यास आणि जाडी, एवढी तीन मापं व्हर्नियरने घ्या. शाफ्टवर जुन्या सीलने चर पाडली असेल तर नवं सीलही गळेल. त्यावर पातळ स्लीव्ह (धातूची बाही) चढवावी, किंवा जागा असेल तर सील थोडं आत-बाहेर बसवून त्याचा ओठ कोऱ्या भागावर आणावा.

ब्रेकमध्ये मात्र 'जमवून घेऊ' चालणार नाही. खड्डे पडलेला सिलिंडर नुसता घासून मोठा करू नका. बोअर करून आत स्टेनलेसची स्लीव्ह दाबून मूळ मापावर होन (आतून बारीक घासून गुळगुळीत) करून घ्या, मग त्या मापाचे रबर कप घ्या. एक इंच म्हणजे 25.4 मिमी, दुकानदार 25 मिमीचा कप 'तोच आहे' म्हणून हातात ठेवेल, घेऊ नका. पाइपच्या नटांचंही तेच. 3/8 इंचाचा नट 10 मिमीच्या आट्यांत जातो, पकडल्यासारखा वाटतो आणि नेमका जोराचा ब्रेक मारल्यावर दगा देतो. तांब्याची नळी स्वस्त नि वाकवायला सोपी म्हणून गॅरेजवाले सुचवतील. थरथरीने ती कडक होऊन तडकते. स्टीलची नळी, तिच्या टोकाला डबल फ्लेअर (दुहेरी दुमडून पसरवलेली कड), होज सगळे नवे.

इंची पाने हवे असतील तर बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार गाठा. घासाघीस केल्याशिवाय घेऊ नका.

सेल्फचं म्हणाल, तर मूळची सहा व्होल्टची गाडी बारा व्होल्ट करायची घाई नको. सहा व्होल्टला तेवढ्याच ताकदीसाठी दुप्पट करंट लागतो आणि बहुतेक गाड्यांना कुणीतरी बारा व्होल्टची बारीक केबल लावलेली असते. जाड केबल टाका, चेसिसवरची अर्थची जागा पत्रा चमकेपर्यंत घासा, मग स्टार्टर मारून बघा.