काळीज म्हणजे हार्ट की लिव्हर?

एकाने विचारलंय की मटणवाल्याकडे काळीज मागितलं की तो लिव्हर तोलतो, पण आपण "काळजाचा ठोका चुकला" म्हणतो तेव्हा हात छातीवर जातो, मग बरोबर कोण? आणि मुळात भावनांना हे अवयव चिकटले कसे?

बरोबर मटणवालाच. संस्कृतात यकृताला कालेय असाही एक शब्द आहे, आपलं काळीज आणि हिंदीतला कलेजा त्यातूनच आले. भायखळा काय नि गिरगाव काय, दुकानात कलेजी म्हणजे लिव्हर, गुर्दा म्हणजे किडनी आणि हार्ट हवं असेल तर सरळ दिल म्हणून मागायचं, तिकडे काही घोटाळा नाहीये. घोटाळा आपल्या बोलण्यात आहे, कारण ठोके पडतात हार्टचे आणि नाव घेतो लिव्हरचं.

हे का झालं याचा एक धागा मला फार आवडतो. हृदय हा शब्द प्राकृतात झिजून हिअअ झाला आणि मराठीत त्याचा हिय्या झाला. पण हिय्याचा अर्थ बघा, "हिय्या करून साहेबांना विचारलं", म्हणजे फक्त धाडस! अवयव गेला, माया गेली, दुःख गेलं, उरली हिंमत. म्हणजे घरच्या बोलीत हृदयाची खुर्ची रिकामीच होती आणि तिथे काळीज येऊन बसलं असं माझं मत. आज आपण हृदय म्हणतो ते परत संस्कृतातून उचललेलं, म्हणून ते भाषणात, पेपरात आणि डॉक्टरकडे बरं वाटतं. घाबरल्यावर काळजाचं पाणी होतं, काळजात धस्स होतं, टोमण्यांनी काळजाला घरं पडतात, तिथे हृदय घालून बघा, कसं पुस्तकी वाटतं ते. आपण उठताबसता ज्या काळज्या करतो ती काळजीसुद्धा काळीजवरूनच आली असं मानतात.

आणि लिव्हरला भाव देणारे आपण एकटे नाही. फारसी जिगर आणि संस्कृत यकृत् एकाच मुळाचे, जसे दिल आणि हृद् एकाच मुळाचे. त्यामुळे जिगरी दोस्त म्हणजे अक्षरशः यकृतातला दोस्त. मलय भाषेत हाती म्हणजे लिव्हर, आणि मन दुखावलं की ते लोक "साकित हाती" म्हणतात, म्हणजे लिव्हर दुखलं. बॅबिलोनमध्ये तर मेंढीचं यकृत बघून भविष्य सांगायचे, त्याची मातीची मॉडेल्स आजही म्युझियममध्ये आहेत. बोकड कापल्यावर सगळ्यात मोठं, रक्ताने भरलेलं काय दिसतं तर लिव्हर, मग जीव तिथेच असणार असं वाटलं तर नवल नाही. त्यात पित्त तिथलंच, आणि राग आला की आपलं पित्त खवळतं. ग्रीक वैद्यांच्या चार द्रवांतही पिवळं पित्त रागाचं आणि काळं पित्त उदासीचं, आपल्या आयुर्वेदातला पित्तप्रकृतीचा माणूसही चटकन तापणारा.

पण मला विचाराल तर खरं ऑफिस पोटात आहे. भीती वाटली की रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, आणि गोळा येतो तो पोटातच. लेकरासाठी आतडं तुटतं, माणूस पोटतिडकीने बोलतो, आणि शेजाऱ्याने नवीन गाडी घेतली की दुखतं कुठे, तर पोटात. अरबीत रहम म्हणजे दया आणि रहिम म्हणजे गर्भाशय हे एकाच धातूचे, म्हणजे दयाही पोटातलीच. हे शब्द ठरवणाऱ्यांना शरीरशास्त्राशी घेणंदेणं नव्हतं, जिथे जाणवलं तिथलं नाव दिलं.

फिनलंडच्या संशोधकांचा एक अभ्यास २०१४ साली छापून आला, त्यात ७०१ लोकांना कुठल्या भावनेत अंगात कुठे काय होतं ते चित्रात रंगवायला लावलं होतं. रागात हात रंगले, दुःखात हातापायांतली जाणीव मंदावलेली निघाली. आपले हात शिवशिवणे आणि हातपाय गळणे, दुसरं काय!

मुंबईत मात्र हल्ली सगळा मुक्काम डोक्यात हललाय. डोकं सटकतं, डोक्याला शॉट लागतो, एखादा माणूस नुसता डोक्यात जातो. तसा राग मस्तकात आधीही जायचा, पण निघायचा तळपायातून, मधली सगळी स्टेशनं घेत. आता थेट फास्ट. नाकाचं मी मुद्दाम घेतलं नाही, कारण नाक कापलं जाणं, नाक वर करून चालणं यात भावनेपेक्षा चार लोकांतली इज्जत जास्त आहे, ते प्रकरण वेगळं, कोणी विचारलं तर लिहीन.