वाचकांचे प्रश्न : मोळीविक्रीचा जोडधंदा

प्रश्न : पवना धरणाजवळ आमची दोन एकर जमीन आहे, बांधावर भरपूर सुबाभूळ आहे. आसपासचे कॅम्पवाले शेकोटीसाठी लाकूड मागतात. मोळ्या बांधून विकायच्या तर सुरुवात कशी करावी? एका मोळीचा खर्च कसा काढायचा? (वाचक, मावळ)

उत्तर : आधी कॅलेंडर समोर घ्या. तंबूंचा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी, त्यातही नाताळ ते ३१ डिसेंबर सगळ्यात जोराचा. दिवाळीनंतर तोडलेलं लाकूड तोवर ओलंच असतं. म्हणून यंदाच्या थंडीत विकायचं लाकूड गेल्या जानेवारी-फेब्रुवारीतच तोडून, फोडून ठेवलेलं हवं. उन्हाळाभर ते वाळतं, पावसाळाभर छपराखाली राहतं, मग विकलं जातं. थोडक्यात, पैसे आठ-दहा महिने अडकतात. हे गणित न करता उतरणारे डिसेंबरात ओलं लाकूड देतात आणि जानेवारीत गिऱ्हाईक गमावतात. पहिल्या वर्षी दोन टनांच्या पुढे जाऊ नका.

मोळीचं माप आठ किलो ठेवा. लांबी ४० सेंटिमीटर, म्हणजे कॅम्पवर वापरतात त्या लोखंडी घमेल्यात ती मावते आणि पोरंही उचलू शकतात. सुबाभूळ किंवा बाभळीसारखं लाकूड असेल तर आठ किलोची मोळी साधारण २५ सेंटिमीटर व्यासाची होते. त्याच व्यासाची दोन लोखंडी कडी फळीवर ३० सेंटिमीटर अंतरावर उभी वेल्ड करून घ्या. कड्यांत लाकूड ठोकून भरायचं, दोन कड्यांच्या मधल्या भागात दोन ठिकाणी काथ्या आवळायचा आणि मोळी बाहेर ओढायची. दोन वेढे आणि गाठी मिळून अडीच मीटर काथ्या लागतो. प्लॅस्टिकची पट्टी स्वस्त पडते खरी, पण लोक ती शेकोटीतच टाकतात आणि वासाची तक्रार तुमच्याकडे येते. प्रत्येक मोळीत चार-सहा जाड फोडी, तेवढ्याच मनगटाएवढ्या आणि एक मूठ काटक्या घाला. काटक्या नसलेली मोळी पेटत नाही. मग शहरी पाहुणा रॉकेल शोधत फिरतो.

आता खर्च. समजा वखारीतून एक टन ओलं लाकूड ३,५०० रुपयांना घेतलं. ताज्या लाकडात वजनाच्या निम्मं पाणी धरा. ते २० टक्क्यांवर आलं की १,००० किलोचे ६२५ किलो उरतात. साल, भुसा, किडके तुकडे यांत आणखी २५ किलो जातात. राहिले ६०० किलो, म्हणजे ७५ मोळ्या. टेम्पो १,५०० रुपये, कापणं-फोडणं १,२००, बांधणी ३००, काथ्या २२५, यांत्रिक करवतीचं पेट्रोल आणि साखळी ३०० धरली तर एकूण ७,०२५. मोळीमागे जवळपास ९४ रुपये. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या भागातले दर घालून पुन्हा मांडा. पण ७५ हा आकडा विसरू नका. बरेच जण १,००० ला ८ ने भागून १२५ मोळ्या धरतात आणि धंदा तिथेच बुडतो. बांधावरचं लाकूड फुकट आहे असंही समजू नका, वखारीत त्याला जो भाव आला असता तो खर्चात धरा.

छोट्या हत्तीत ८० मोळ्या आरामात जातात, वजन ६४० किलो. वजनावर विकणार असाल तर काटा वैधमापन कार्यालयाकडून तपासून शिक्का मारून घ्या. इलेक्ट्रॉनिक काट्याची तपासणी दरवर्षी लागते. सरपणावर जीएसटी नाही.

प्रश्न : लाकूड चार महिने अंगणात रचून ठेवलं होतं, तरी गिऱ्हाईक म्हणतं धूर होतो, पेट घेत नाही. चूक कुठे झाली असेल? (वाचक, कर्जत)

उत्तर : बहुतेक ओंडके न फोडताच रचले असतील. सालीतून पाणी फारसं निघत नाही. ते निघतं कापलेल्या टोकांतून आणि फोडलेल्या बाजूंतून. मांडीएवढा, मीटरभर लांबीचा ओंडका चार महिन्यांनी वरून वाळल्यासारखा दिसतो, टोकांना चिराही पडतात, पण गाभा ओलाच असतो. आधी ४० सेंटिमीटरवर कापा, मग आठ-दहा सेंटिमीटर जाडीच्या फोडी करा. फेब्रुवारी ते मे या उन्हात अशा फोडी आठ-दहा आठवड्यांत वाळतात. एप्रिल संपल्यावर फोडलेलं लाकूड मात्र पावसाआधी वाळेल असं धरू नका.

रचताना खाली दगड किंवा सिमेंटचे ठोकळे ठेवून थप्पी जमिनीपासून वीतभर उचला. रुंदी एकाच फोडीची ठेवा आणि थप्पीची लांब बाजू वाऱ्याला आडवी ठेवा. दोन थप्प्यांमध्ये हात जाईल एवढी फट सोडा. वर पत्रा, बाजू उघड्या. चारही बाजूंनी ताडपत्री गुंडाळणं ही नेहमीची चूक. आत वाफ कोंडते, थेंब परत लाकडावर पडतात आणि पंधरा दिवसांत बुरशीचा वास येतो.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते. कर्जतसारख्या भागात हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८५ टक्क्यांवर असते. अशा हवेत पूर्ण सुकलेलं लाकूडही ओल शोषून १८ टक्क्यांच्या आसपास जातं, पाण्याचा थेंब लागला नाही तरी. त्यामुळे सप्टेंबरअखेर छपराखालचा माल तसाच बांधू नका. ऑक्टोबर हीटचे दोन आठवडे ऊन दाखवा, मग मोळ्या बांधा. ओल्या लाकडाच्या बांधलेल्या मोळ्या वाळल्यावर आकसतात, दोरी सैल होते आणि टेम्पोतून उतरवताना फोडी सटकतात. सुटलेली मोळी म्हणजे ओला माल बांधला, हे समोरच्यालाही कळतं.

ओल मोजायला महाग यंत्र लागत नाही. तीन फोडींवर खडूने क्रमांक टाका, त्या थप्पीच्या मधोमध ठेवा आणि दर रविवारी तोला. आठ दिवसांत वजन एक टक्क्यानेही घटलं नाही की त्या ऋतूपुरतं लाकूड वाळलं. नेमका आकडा हवा असेल तर फोडीच्या गाभ्यातून २०० ग्रॅम चिपळ्या काढा, १०३ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. १६० ग्रॅम उरले तर ओल २० टक्के. दोन टोकांचं पिन-मीटर घेतलंत तर फोड तिथल्या तिथे फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचा. आणि ही मीटरं बहुधा कोरड्या वजनावर टक्केवारी दाखवतात, आपला हिशेब ओल्या वजनावर आहे, म्हणजे मीटरवरचे २५ हे आपल्या हिशेबातले २०. हा घोळ लक्षात न आल्याने कोरडा मालही अनेक जण उगीच आणखी महिनाभर अडकवून ठेवतात.

पन्नास टक्के ओल्या लाकडातून किलोमागे जेमतेम १,९०० किलोकॅलरी मिळतात, वीस टक्क्यांच्या लाकडातून सुमारे ३,५००. कारण ओल्या किलोत निम्मं पाणीच असतं, आणि त्याची वाफ करण्यातही थोडी उष्णता जाते. म्हणून ग्राहक ओरडतो.

प्रश्न : दापोलीत आमची जुनी आंब्याची कलमं काढायची आहेत, शेजारी किंजळ आणि ऐनही आहे. हे लाकूड मोळ्या करून विकता येईल का? झाडं आमच्याच सातबाऱ्यावर आहेत.

उत्तर : सातबारा तुमचा असला तरी परवानगी लागते. महाराष्ट्र झाडे तोडणे (नियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, साग, ऐन, किंजळ, खैर अशी झाडं आहेत. ती तोडण्याआधी सातबारा, झाडांची संख्या, बुंध्याचे घेर आणि कारण लिहून अर्ज करावा लागतो. अर्ज कुणाकडे द्यायचा हे वनपरिक्षेत्र कार्यालयात किंवा तहसील कचेरीत कळेल. मोठ्या फांद्या छाटायच्या असतील तरी आधी विचारा. नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा लागतो आणि तिथे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते.

तोडण्याची परवानगी म्हणजे वाहतुकीचा पास नव्हे. टेम्पो रस्त्यावर अडवला जातो तो बहुधा दुसऱ्या कागदासाठी. सुबाभूळ, निलगिरी यांसारख्या शेतात लावल्या जाणाऱ्या काही जातींना पासातून सूट असते. या याद्या बदलतात, म्हणून तुमच्या वनरक्षकाला जातीचं नाव सांगून सध्याची स्थिती विचारा आणि उत्तर लेखी मिळालं तर गाडीत ठेवा. वनखात्याच्या जंगलातलं वाळकं लाकूड गोळा करून विकायला आणू नका. घरच्या चुलीपुरती मोळी आणि विक्रीची मोळी यांत कायदा फरक करतो. सरळ मार्गाने माल हवा असेल तर वनआगारातले जळाऊ लाकडाचे लिलाव आहेत. तिथे लाकूड बिटांच्या, म्हणजे मापाने रचलेल्या ढिगांच्या रूपात मिळतं. रचलेल्या घनमीटरमध्ये सगळं लाकूड नसतं, साधारण ६० टक्के लाकूड आणि बाकी हवा. बोली लावताना हे धरा.

प्रश्न : शेकोटीसाठी कोणती लाकडं चांगली आणि कोणती अजिबात देऊ नयेत?

उत्तर : बाभूळ आणि वेडी बाभूळ सगळ्यात उत्तम. निखारा टिकतो, म्हणून चुलीवरचं मटण करणारे ढाबेवालेही तीच मागतात. काटे मात्र काढून द्या. सुरूचं लाकूड जड आणि भरपूर उष्णता देणारं. सुबाभूळ लवकर पेटते, लवकर संपते, शेकोटीला ठीक. निलगिरी तोडल्याच्या आठवड्यातच फोडा, वाळली की पाचर आत जात नाही. पांगारा, सावर, शेवगा आकाराने मोठे आणि वजनाला हलके, घमेल्यात भुर्रकन जळतात.

बिब्बा कधीही देऊ नका. त्याचा चीक आणि धूर अंगावर फोड आणतात. काजू त्याच कुळातला आहे. वाळलेलं लाकूड जाळतात, पण फोडताना हातमोजे घाला आणि सालीचे तुकडे मोळीत ठेवू नका. कण्हेर विषारी, तिची काटकीसुद्धा नको, लोक तिच्यावर कणसं भाजायला बसतात.

प्रश्न : चाकणच्या कारखान्यांतली टाकाऊ पॅलेट (माल ठेवायच्या लाकडी चौकटी) स्वस्तात मिळतात. ती फोडून मोळीत घालावी का?

उत्तर : पेटवणासाठी थोडी चालतील, पॅलेटवरचा शिक्का पाहून. शिक्क्यात 'एचटी' असेल तर लाकडाला फक्त उष्णता दिलेली आहे. 'एमबी' म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी, ते घेऊ नका. रंगवलेलं, तेल सांडलेलं, प्लायवूड किंवा शिक्का नसलेलंही बाजूला काढा. खिळे काढणं हे सर्वांत वेळखाऊ काम आहे. राखेत राहिलेला खिळा पुढच्या माणसाच्या पायात जातो.

प्रश्न : थप्पीत वाळवी लागली आहे, काही तुकड्यांतून पिठासारखा भुसा पडतो. औषध फवारू का?

उत्तर : जळणावर कीटकनाशक फवारायचं नाही, ते धुरातून माणसाच्या छातीत जातं. वाळवी जमिनीतून चढते, तेव्हा थप्पी ठोकळ्यांवर घ्या आणि ठोकळ्यांवर मातीच्या नळ्या दिसल्या की खरडून टाका. पीठ पडतं ते भुंग्याचं काम, सालीखाली सुरू होतं. फोडतानाच सैल साल काढली तर बरंच कमी होतं. किडके तुकडे वेगळे काढून आधी विका किंवा घरच्या चुलीत घाला. थप्पी घरापासून दूर ठेवा आणि हात घालण्याआधी काठीने हलवा. विंचू आणि फुरशांना ही जागा फार आवडते.

प्रश्न : शेकोटीचा हंगाम चारच महिने. बाकी वर्षभर मुंबईतल्या बेकऱ्यांना माल देता येईल का?

उत्तर : त्यावर भरवसा ठेवून गुंतवणूक करू नका. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या भट्ट्या सहा महिन्यांत हरित इंधनावर नेण्याचे निर्देश दिले आणि त्यानंतर महापालिकेने बेकऱ्यांना नोटिसा काढल्या. त्यापेक्षा चुलीवरच्या जेवणाची खानावळ, लग्नाचे आचारी आणि होळी हे गिऱ्हाईक जवळचं. आचाऱ्याला मोळी नको असते, त्याला क्विंटलवर ६० सेंटिमीटरचे जाड तुकडे द्या. कापताना दोन लांब्यांचे ढीग वेगळे केले तर तेवढ्याच मजुरीत दोन्ही गिऱ्हाइकं सांभाळता येतात.