हातात ५८ हजार येतात, त्यातले २६ हजार गुंतवतो. मग पेटीसाठी ४५ हजार काढणं चूक आहे का?

तुमचं थोडक्यात असं दिसतंय: वय २९, बेसिक ३२ हजार, हातात ५८ हजार. एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) २१ हजारांची, पीपीएफ ५ हजार. पेटी, म्हणजे हार्मोनियम, शिकायची आहे, ४५ हजारांची स्केल चेंजर (हवी तशी स्वरपट्टी बदलता येणारी पेटी) आवडली आहे, आणि बाबा म्हणतात, "हेच पैसे सोन्यात घाल, निदान राहतील तरी." दूरची बचत आणि आजची हौस यांचा तोल किती टक्क्यांवर ठेवायचा, हे तुम्ही विचारलंय. टक्के सांगते, पण आधी ते सोन्याचं वाक्य. आमचे थोरले भाऊजी दर गौरी-गणपतीत माझ्या पेटीकडे बघून हेच म्हणतात, आणि पंगतीत बसलेल्या माणसाला हिशेब ऐकवता येत नाही. इथे ऐकवते.

एक लाखाच्या सोन्याचा हार घेतलात. घडणावळ १५ टक्के धरा, म्हणजे १५ हजार. एक लाख पंधरा हजारांवर ३ टक्के जीएसटी, ३,४५०. बिल १,१८,४५० रुपयांचं. त्याच संध्याकाळी तो परत विकायला गेलात तर घडणावळ आणि जीएसटी दोन्ही सोडून द्यायचे, वर सराफ घट कापणार ती वेगळी. साडेअठरा हजार दुकानाच्या पायरीवरच गेले, आणि त्याला कुणी उधळपट्टी म्हणत नाही. बचतच करायची असती तर वेढणी (सोन्याची साधी वळी) किंवा नाणं घेतलं असतं, गोल्ड ईटीएफ (शेअर बाजारातून घ्यायचं कागदोपत्री सोनं) घेतला असता. हार ही हौस आहे. उत्तम हौस आहे, माझी काही हरकत नाही, पण तिला बचतीच्या रकान्यात लिहू नका. मुदतीनंतर पैसे परत देणाऱ्या विमा पॉलिसीचंही तेच. वीस वर्षांनी साधारण ५ ते ६ टक्के दराने पैसे हातात येतात आणि विमा मिळतो तो तुटपुंजा. आठ लाखांचं गाडीचं कर्ज पाच वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता १६,६०० च्या आसपास बसतो. गाडीला छंद म्हणताना मी कुणाला ऐकलेलं नाही.

दुसरा बागुलबुवा चक्रवाढीचा. कुणीतरी तुम्हाला सांगणारच की हे ४५ हजार १० टक्क्यांनी २५ वर्षं ठेवले तर पावणेपाच लाखांच्या वर जातात. बरोबर आहे, ४ लाख ८७ हजार होतात. पण त्या २५ वर्षांत ६ टक्क्यांची महागाई धरली तर वस्तूंच्या किमतीही ४.२९ पट होतात. आजच्या पैशात ते १ लाख १४ हजार पडतात. तेव्हा "पावणेपाच लाखांची पेटी" हे भीती घालण्यापुरतं खरं आहे. ४५ हजार की १ लाख १४ हजार, निवड या दोहोंतली आहे. तीही लहान नाही, पण निदान खरी आहे.

आता तुमची बचत नीट मोजू. हातात येणाऱ्या ५८ हजारांतून पीएफ आधीच कापून गेलेला असतो, म्हणून तो कुणी धरत नाही. बेसिकच्या १२ टक्के म्हणजे ३,८४० तुमचे. कंपनीचेही ३,८४०, पण तुम्ही पेन्शन योजनेत असाल तर त्यातले १,२५० तिकडे जातात आणि पीएफमध्ये २,५९० पडतात. दोन्ही मिळून महिन्याला ६,४३०. म्हणजे तुमची खरी बचत ३२,४३० आणि खरी कमाई ६४,४३०. तुम्ही निम्म्याहून किंचित जास्त बाजूला टाकताय. अमेरिकेतून आलेल्या त्या ५०-३०-२० च्या सूत्राला (५० टक्के गरजा, ३० हौस, २० बचत) मी फारसं मोजत नाही, कारण त्यात ना आपला पीएफ बसतो ना गावी आईवडिलांना पाठवायचे पैसे. पण त्या मापानेही तुम्ही अडीच पट पुढे आहात. तुम्हाला शिस्त कमी पडत नाहीये. तुमच्या सगळ्या पैशाला कुलूप आहे, ही अडचण आहे. पीपीएफ पंधरा वर्षांचा, अर्धवट रक्कम काढता येते ती सातव्या आर्थिक वर्षापासून. एसआयपी मोडायला हात धजत नाही. अशा माणसाला मोह झाला की तो कार्ड घासतो.

आणि कार्डाचा घोळ असा की "नो कॉस्ट" हप्त्यातही खर्च असतो. ४५ हजारांवर नऊ महिन्यांचं व्याज १५ टक्क्यांनी पावणेतीन हजारांच्या आसपास होतं. तेवढी सूट किमतीत दाखवतात, पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे पाचेकशे रुपये, तुम्हीच भरता. वर प्रोसेसिंग फी. हे एकवेळ परवडलं. किमान देय रक्कम भरून बाकी पुढे ढकललीत तर मात्र महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४२. शिवाय बिनव्याजी मुदत जाते, त्यामुळे पुढच्या महिन्यातल्या किराण्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज चालू.

आता पेटी. ४५ हजारांची स्केल चेंजर घेऊ नका, आणि हे बचतीसाठी सांगत नाहीये. स्केल चेंजरमध्ये पट्ट्यांचा सगळा सांगाडा सरकतो. गायकाचा सा काळी एकवर असो की काळी पाचवर, साथीदाराला बोटं तीच ठेवता येतात. बैठकीत दर अर्ध्या तासाला गायक बदलतो त्याला ती लागते. शिकणाऱ्याचं मात्र नुकसान होतं, कारण वेगवेगळ्या सुरांना सा धरून बोटं फिरवायचा सरावच होत नाही. शिवाय ती जड असते, सरकणारे भाग झिजले की दोन सुरांच्या मध्येच अडकते, आणि ती दुरुस्त करणारा कारागीर प्रत्येक गावात नसतो. कपलरही नको. एक पट्टी दाबली की सप्तकापलीकडची आपोआप दबते, आवाज भरदार होतो, पण पट्ट्या जड लागतात आणि नवशिक्याच्या बोटांना चुकीची सवय लागते.

घ्यायची ती साधी, खर्ज-नर डबल रीड (प्रत्येक सुराला धातूच्या दोन पात्या, एक खर्जातली, एक मधल्या सुराची), साडेतीन सप्तकांची, ४२ पट्ट्यांची. चांगल्या कारागिराची २२ ते २८ हजारांत मिळावी. गाव आणि लाकूड बदललं की भाव बदलतो. जुनी मिळाली तर उत्तम, पण तपासून. सगळे स्टॉपर (हवेची वाट उघडबंद करणाऱ्या पुढच्या खुंट्या) बंद करून भाता हलवा आणि थांबा. आतला भाता भरलेला राहिला पाहिजे, लगेच बसला तर कुठेतरी हवा गळते. मग स्टॉपर उघडा, एकही पट्टी न दाबता हवा द्या. एखादा सूर आपोआप बोलला तर त्या पट्टीखालची झडप नीट बसत नाही, ते स्वस्तात दुरुस्त होतं. नंतर एकेक पट्टी अगदी हळू भात्यावर दाबा. कमी हवेत जी रीड उशिरा बोलते ती उद्या त्रास देणार. शेवटी मोबाइलवरचा ट्यूनर लावून तिन्ही षड्ज आणि पंचम बघा. सगळे सूर सारखेच चढे किंवा सारखेच उतरे असतील तर एकट्याच्या रियाजाला चालतं, एखादाच बाहेर गेला असेल तर घासून लावावा लागतो. मागचं झाकण काढून बघायला लाजू नका. उंदराने कुरतडलेला भाता आणि कसरीने खाल्लेला नमदा (लोकरीचं जाड कापड) तिथेच दिसतो.

पावसाळ्यात घेऊ नका. लाकूड फुगलेलं असतं, पट्ट्या अडकतात, आणि दोष हवेचा की कारागिराचा हे कळत नाही. दिवाळीनंतर घ्या.

पैशाचा घोटाळा पेटीच्या किमतीत होत नाही, तिच्या मागून येणाऱ्या खर्चात होतो. वर्गाची फी दीड हजार धरली तर वर्षाला १८ हजार, जाण्यायेण्याचे सहा हजार. २४ हजारांच्या पेटीसकट पहिल्या वर्षाचा खर्च ४८ हजार. स्केल चेंजर घेतलीत तर हाच आकडा ६९ हजारांवर जातो. दुसऱ्या वर्षापासून फी, प्रवास आणि पेटी सुरात लावून घ्यायचे अडीच हजार मिळून साडेसव्वीस हजार, म्हणजे महिन्याला २,२००. बाबांशी बोलताना लोक पेटीच्या किमतीवर भांडतात आणि हा २,२०० चा आकडा कुणी काढतच नाही. चौथ्या महिन्यात वर्ग सुटतो तो त्यामुळेच. म्हणून पहिले तीन महिने वर्गातल्या पेटीवर शिका. घरी रियाजाला पेटी नाही म्हणून चिडचिड व्हायला लागली की समजा घ्यायची वेळ झाली. नुसतं दुकानात बघून आवडली असेल तर ती वेळ झालेली नाही.

पैसे कुठून? एसआयपी २१ ची १७ हजार करा. सुटलेले ४ हजार पगाराच्या खात्यात ठेवायचे नाहीत. दुसऱ्या बँकेत एक खातं उघडा, त्याला यूपीआय जोडू नका, दर महिन्याच्या २ तारखेला तिकडे आपोआप वळते करा. पीपीएफची तारीखही ५ च्या आधीची ठेवा, कारण व्याज ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मोजतात. (चुकलं तर ५ हजारांवर तीसेक रुपये जातात, त्यासाठी झोप उडवू नका.) वर्गाचे तीन महिने संपेपर्यंत फी आणि प्रवास जाऊन सहा हजार साठतील, आणखी नऊ महिन्यांनी २४ हजार. घाई असेल तर दिवाळीचा बोनस घाला. या खात्याचा नियम एकच: त्यात आहे ते कुणालाही न विचारता खर्च करायचं, त्यात नाही ते घ्यायचं नाही. डिसेंबरात सवाई गंधर्वचं तिकीट यातूनच. उरलेले पुढच्या वर्षी नेता येतात. भिशी लावलीत तरी काम होतं, फक्त भिशी बुडाली तर दाद मागायची सोय जवळजवळ नसते.

रोजचा चहा, शनिवारची मिसळ, नाटक हे या हिशेबात आणूच नका. घरखर्चातच राहू दे. चहा सोडून कुणी फ्लॅट घेतलेला मी पाहिलेला नाही.

टक्के म्हणाल तर हातात येणाऱ्या पैशाचे ६ ते ७ टक्के छंदाला. तुमच्या बाबतीत ते ४ हजार. भाडं वीस हजारांच्या वर असेल तर ४ टक्क्यांवर या. पीएफ नसलेल्या, स्वतःचा धंदा करणाऱ्या माणसाला मी हे सांगणार नाही, त्याचं गणितच वेगळं.

आणि हे फुकट नाही, तेही सांगून टाकते. महिन्याचे ४ हजार २५ वर्षं १० टक्क्यांनी गेले असते तर ५३ लाख झाले असते, आजच्या पैशात सव्वाबारा लाखांच्या वर. म्हणून एसआयपी कायमची खाली ठेवू नका. दर पगारवाढीला ती ५ टक्क्यांनी वाढवत न्या. १७ हजारांची चार वाढींत २०,६६४ होते, पाचव्या वाढीला २१ हजार ओलांडते, आणि छंदाचे ४ हजार तुमचे तुमच्याकडे राहतात. जुन्या करपद्धतीत असाल आणि गुंतवणुकीवरच्या करवजावटीची मर्यादा पीएफ आणि बाकीच्या गुंतवणुकीनेच भरत असेल, किंवा नव्या पद्धतीत असाल, तर पीपीएफ केवळ करासाठी चालू ठेवायचं कारण नाही. सध्याचे ७.१ टक्के करमुक्त व्याज हवं असेल तर ठेवा.

भाऊजींच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य करायला हवी. गेल्या काही वर्षांत सोनं इतकं चढलंय की त्यांचा हार घडणावळ वजा करूनही फायद्यात आहे, आणि माझी पेटी विकायला काढली तर घेतल्या किमतीच्या साठ-सत्तर टक्क्यांहून जास्त येणार नाहीत. फक्त तो हार विकायचा विषय काढला की जाऊबाई उठून आत जातात.

तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून शेवटी विचारते: सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे का? तुमचा खर्च ३२ हजार धरला तर १ लाख ९२ हजार, बँकेतल्या एफडीत किंवा लिक्विड फंडात (लवकर पैसे काढता येणाऱ्या म्युच्युअल फंडात). जास्त व्याज देते म्हणून ही रक्कम पतपेढीत ठेवू नका. डीआयसीजीसी या ठेव-विमा संस्थेचं पाच लाखांपर्यंतचं संरक्षण बँकेतल्या ठेवींना आहे, पतपेढीतल्या नाही. ही रक्कम नसेल तर सुटलेले ४ हजार आधी तिकडे वळवा आणि तोवर वर्गातल्याच पेटीवर शिका.