१९६९ ला गिरींऐवजी संजीव रेड्डी राष्ट्रपती झाले असते तर आणीबाणी टळली असती का?

तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, कारण माझ्या मते आपल्याकडची सगळ्यात थरारक राष्ट्रपती निवडणूक हीच. बरेच जण म्हणतात की रेड्डी आले असते तर इंदिरा गांधी तिथेच संपल्या असत्या. मला ते पटत नाही. पण आणीबाणी टळली असती असं मला वाटतं, फक्त लोक सांगतात त्या कारणाने नाही.

आधी थोडं मागचं. ३ मे १९६९ ला राष्ट्रपती झाकीर हुसेन पदावर असतानाच वारले. जुलैमध्ये बंगलोरला काँग्रेसच्या बैठकीत इंदिराजींनी जगजीवनराम यांचं नाव पुढे केलं, पण सिंडिकेटने, म्हणजे पक्षातल्या जुन्या वजनदार नेत्यांच्या गटाने, कामराज, निजलिंगप्पा, मोरारजी, आपले स. का. पाटील वगैरे मंडळींनी, रेड्डींचं नाव बहुमताने पास करून घेतलं आणि यशवंतराव चव्हाणांनीही मत रेड्डींच्याच बाजूने दिलं. मग इंदिराजींनी मोरारजींकडचं अर्थखातं काढून घेतलं, १९ जुलैला १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा अध्यादेश आला, त्यावर हंगामी राष्ट्रपती म्हणून उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरींनी सही केली आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन ते स्वतः अपक्ष उभे राहिले! रेड्डींच्या अर्जावर सूचक म्हणून इंदिराजींची सही होती, तरी शेवटी त्यांनी आमदार-खासदारांना सदसद्विवेकबुद्धीने मत द्यायला सांगितलं.

आता आकडे बघा. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख, त्यांना १,१२,७६९. कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मतं, होता ४,१८,१६९, म्हणजे कोणीच पोचलं नाही. मग दुसऱ्या पसंतीची मतं मोजत मोजत गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. फरक १४,६५०. ऐकायला मोठा वाटतो, पण तेव्हा एका खासदाराच्या मताचं मूल्य ५७६ होतं, मी कागदावर मांडून बघितलं, फक्त १३ खासदार गिरींकडून रेड्डींकडे वळले असते तरी निकाल फिरला असता. तेरा माणसं! म्हणून तुमचा प्रश्न मला हवेतला वाटत नाही.

बरं, रेड्डी आले असते तर त्यांची मुदत ऑगस्ट १९७४ ला संपली असती. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीचा कागद तेव्हाचे राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांच्यासमोर गेला तसा तो रेड्डींसमोर गेलाच नसता. त्यामुळे "रेड्डींनी सही केली नसती" या म्हणण्याला अर्थ नाही.

खरी गंमत १९७० मध्ये आहे. बँकांचा कायदा फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने रद्द केला आणि चार दिवसांत नवा अध्यादेश आला. त्यावर रेड्डींनीही सही केली असती असं मला वाटतं, लोकांचा पाठिंबाच एवढा होता. पण सप्टेंबरमध्ये संस्थानिकांना सरकारकडून मिळणारा तनखा बंद करण्याचं बिल राज्यसभेत अगदी थोडक्यात पडलं आणि सरकारने लगेच राष्ट्रपतींच्या आदेशाने सगळ्या संस्थानिकांची मान्यताच काढून टाकली. संसदेने नाकारलेली गोष्ट राष्ट्रपतींच्या सहीने करायची, इथे रेड्डी नक्की अडले असते. मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक असल्याचं तेव्हा घटनेत स्पष्ट लिहिलेलं नव्हतं, ते ४२ व्या दुरुस्तीने १९७६ ला आलं, म्हणजे अडायला जागा होती.

आणि तो आदेश निघालाच नसता तर १५ डिसेंबरला तो रद्द करणारा सुप्रीम कोर्टाचा निकालही आला नसता, इंदिराजींना जनतेकडे जायला ते कारण मिळालं नसतं आणि २७ डिसेंबरला लोकसभा एक वर्ष आधी बरखास्त झाली नसती. मार्च १९७१ ची निवडणूक नाही म्हणजे रायबरेलीची ती लढत नाही, राजनारायण यांची याचिका नाही, इंदिराजींची निवड रद्द करणारा १२ जून १९७५ चा अलाहाबाद हायकोर्टाचा निकालही नाही. आणीबाणीची ठिणगी तोच निकाल होता. निवडणूक १९७२ ला झाली असती आणि बांगलादेशच्या युद्धानंतर इंदिराजी कदाचित १९७१ च्या ३५२ पेक्षाही जास्त जागा घेऊन आल्या असत्या, हेही मी मान्य करतो, म्हणून त्या संपल्या असत्या हे मला पटत नाही.

कोणी म्हणेल रेड्डी अडले असते कशावरून? ते १९७७ ला राष्ट्रपती झालेच ना, तेही बिनविरोध, त्यामुळे आपल्याला त्यांचा स्वभाव थोडा माहीत आहे. ऑगस्ट १९७९ ला तेव्हाचे पंतप्रधान चरणसिंगांनी लोकसभेला तोंड न देताच राजीनामा दिला, बरखास्तीची शिफारस केली आणि दुसरीकडे एक नेता बहुमत आहे म्हणून दावा करत होता, तरी रेड्डींनी २२ ऑगस्टला लोकसभा बरखास्त केली. मला तो निर्णय आजही चुकीचा वाटतो, पण समोर कोण काय म्हणतंय याची पर्वा न करता स्वतःला वाटेल तेच करणारा हा माणूस होता एवढं त्यातून दिसतं. आणि तो दावा करणारा नेता होता जगजीवनराम, १९६९ ला बंगलोरमध्ये रेड्डींच्या नावापुढे ज्यांचं नाव मागे पडलं होतं तेच.