एकवीस पिशव्या

मनू,

रविवारी फोनवर मी म्हटलं, यंदा पिशव्या आणल्यात, तर तू सहज विचारलंस. "आई, घरी आता दादा नाही, मी नाही. आपण ख्रिश्चनही नाही. मग ते झाड, त्या माळा, चोवीस डिसेंबरला दारासमोर वाळूत मेणबत्ती लावून मांडायच्या त्या कागदी पिशव्या आता कोणासाठी? की हे तुमचं ते मराठी 'लोक काय म्हणतील'?" मी हसले. फोन ठेवला आणि फोडणीतली मोहरी करपवली.

'तुमचं' जरा लागलं. असो.

झाडाचं उत्तर सोपं आहे. ते तुमच्यासाठीच होतं. दादा पहिलीत असताना शाळेतून आला आणि म्हणाला, सांताच्या यादीत आपलं घर नाही का? बाबा त्याच संध्याकाळी चार फुटी प्लास्टिकचं झाड घेऊन आले. टांगायला काही नव्हतं, म्हणून गणपतीच्या खोक्यातल्या झिरमिळ्या, मखराची सोनेरी फुलं आणि गौरीची मोत्यांची माळ काढली. झाड शेवटपर्यंत थोडं गौरीसारखंच दिसत राहिलं. यंदा ते तळघरातच राहू दे, असं बाबा म्हणाले. मीही हो म्हटलं.

माळांचं तर त्याहून सोपं. २६ डिसेंबरला त्या निम्म्या किमतीत मिळतात आणि पुढच्या गणपती-दिवाळीला लागतात. दिवाळीत लावल्या की समोरचे काका म्हणतात, "यंदा ख्रिसमसची तयारी लवकर!" मी दर वर्षी त्यांना दिवाळी समजावून सांगते. २०१६ साली इथल्या, अमेरिकेच्या, पोस्टानं पणतीचं चित्र असलेलं दिवाळीचं तिकीट काढलं, तेव्हा बाबांनी सगळ्या ख्रिसमस कार्डांवर तेच चिकटवलं. आता तरी कळेल, म्हणाले. समोरच्या घराला टपालानं कार्ड पाठवणारा माणूस तुझा बाप. काकांना अजूनही कळलेलं नाही.

अडचण पिशव्यांची आहे.

मी वाढले त्या गिरगावातल्या चाळीत एका मजल्यावर नऊ बिऱ्हाडं होती आणि दिवाळीत गॅलरीला नऊ कंदील लागायचे. एखाद्या दारावर कंदील दिसला नाही, तर त्या घरातलं कोणी गेलंय हे न विचारता कळायचं. माझे आजोबा गेले त्या वर्षी आमचा खिळा रिकामा होता. घरात तळण नाही, उटणं नाही. पण शेजारणींनी फराळाची इतकी ताटं आणून ठेवली की सगळ्यात जास्त चकल्या खाल्लेली दिवाळी म्हणून मला तीच आठवते. लाज वाटते, पण खरं आहे.

खोताच्या वाडीतल्या आंटी तुला ऐकून माहीत आहेत, त्या गिरगावच्या आजीकडे ब्लाउज शिवायला टाकायच्या. वाडीचं नाव मराठी खोताचं, घरं बरीचशी ईस्ट इंडियनांची, म्हणजे मुंबईच्या जुन्या ख्रिश्चनांची, आणि आंटी बोलायच्या ते मराठीच, फक्त हेल वेगळा. दर नाताळात त्या रुमालाखाली झाकलेलं ताट घेऊन आमचे तीन जिने चढायच्या. कलकल, नेवऱ्या, मिल्क क्रीम, केक. नेवरी म्हणजे आपली करंजीच की गं, असं आजी दर वर्षी नव्यानं म्हणायची. तुझी पणजी ताट हसून घ्यायची, आंटींना बसवून चहा द्यायची. आंटी जिना उतरल्या की अंड्याचा म्हणून केक आम्हा मुलांना गॅलरीत वाटून टाकायची. नेवऱ्यांनाही स्वतः हात लावायची नाही. पण ताट कधी रिकामं परत गेलं नाही. लाडू, वड्या, काहीच नसलं तर मूठभर साखर.

मी एकदा विचारलं, खायचं नाही तर घेतेस कशाला? म्हणाली, "ती काय मला खायला घालायला जिने चढते होय?"

बरीच वर्षं मला हे उत्तर फार मोठं वाटायचं. आता तितकं वाटत नाही. आंटींना माहीत असणारच. कोण आपल्या हातचं खातं आणि कोण नुसतं घेतं, हे बाईला कळतं. तरी त्या येत राहिल्या. याला शेजारधर्म म्हणायचं की दोन्हीकडून नीट सांभाळलेलं नाटक, हे मी इथे वीस-बावीस वर्षं राहूनही ठरवू शकलेले नाही. कदाचित इथे राहिले म्हणूनच.

तुला २०१५ची चोवीस डिसेंबर आठवते का? गुरुवार होता. मार्गशीर्षातला गुरुवार, त्यात दत्तजयंती, त्यात ख्रिसमसची आदली रात्र. आणि डिसेंबर असून उकाडा. न्यूयॉर्कला त्या दिवशी ७२ अंश फॅरनहाइटचा विक्रम झाला. तू हाफ पँटमध्ये रस्त्याच्या कडेला पिशव्यांत वाळू भरत होतीस, इकडे मी पुरणात अडकलेली. दत्ताचा पाळणा तिन्हीसांजेला आणि पिशव्यांतल्या मेणबत्त्या लावायच्या त्याही तेव्हाच. दादा ओरडत होता, सगळ्यांच्या लागल्या, आपल्याच राहिल्यात! कोपऱ्यावरच्या आजीबाई काडेपेटी घेऊन मदतीला आल्या, त्यांच्या हातावर मी सुंठवडा ठेवला. त्यांनी तो तिथेच उभ्या उभ्या खाल्ला आणि म्हणाल्या, हा तर आमचा जिंजरब्रेडच. मला नेवरी आणि करंजी आठवली. तुला मी तेव्हा ते सांगितलं नाही, कारण तू 'परत गिरगाव' म्हणून डोळे फिरवले असतेस.

आता गेल्या वर्षीचं. हे तुला सांगितलं नव्हतं.

तू मैत्रिणीकडे होतीस, दादाला सुट्टी नव्हती. बाबा म्हणाले, चौदा पिशव्यांसाठी चौदा वेळा कोण वाकणार, माझी कंबर बघ. मलाही बरं वाटलं. झाड नाही, माळा नाहीत, पिशव्या नाहीत. आम्ही दुपारीच सिनेमाला गेलो, बाहेरच जेवलो. आठच्या सुमाराला गल्लीत वळताना पोटात कसंतरी झालं. आपल्या दारासमोर काळोखी फट दिसणार, पडलेल्या दातासारखी.

फट नव्हती. आपल्या दारासमोर सात पिशव्या जळत होत्या.

कोपऱ्यावरच्या घरासमोरही सातच होत्या, लांब लांब ठेवलेल्या. स्वतःच्या चौदातल्या निम्म्या आपल्याकडे आणून लावल्या होत्या त्यांनी. ऐंशीच्या बाईनं ती वाळू कशी वाहून आणली असेल, देव जाणे. मी बराच वेळ गाडीतच बसून राहिले. बाबा म्हणाले, "त्यांना रांग तुटलेली बघवली नसेल." तेही खरं असेल. आपल्या घरासाठी केलं की गल्लीच्या शोभेसाठी, कसं ओळखायचं?

दुसऱ्या दिवशी शंकरपाळ्यांचा डबा घेऊन गेले. त्यांनी पहिलं विचारलं ते एवढंच, "घरी सगळे बरे आहेत ना?" मला एकदम तो रिकामा खिळा दिसला. आणि मी खोटं बोलले. म्हटलं, गडबडीत पिशव्या आणायच्या विसरल्याच. कंबर, कंटाळा, मुलं नाहीत, यातलं काही तोंडातून निघालं नाही. तेव्हा 'लोक काय म्हणतील' हे तुझं म्हणणं मी अगदीच खोडून काढत नाही. फक्त ते 'लोक' म्हणजे कोण, यावर आपलं जमत नाही. तुझ्या मनात ते बोट दाखवणारे आहेत. माझ्या मनात ते जिने चढून येणारे आहेत. बोटही दाखवत असतील म्हणा, अधूनमधून.

तू तुझ्याकडे काही लावावंस असं अजिबात म्हणत नाहीये. अकराव्या मजल्यावर वाळू नेऊन काय करणार? दिवाळीला पणती लावलीस की नाही, हेही मी विचारलं नव्हतं, आठवत असेल तर. (बाबांनी विचारलं. मी त्यांना विचारायला लावलं नव्हतं.)

यंदा मी एकवीस पिशव्या आणल्यात. बाबा म्हणाले, ख्रिसमसलासुद्धा तुझा गणपतीचा आकडा! मी काही बोलले नाही. चौदा आपल्या, सात त्यांच्या. शंकरपाळे तेवीस तारखेला करीन. त्यांनी गेल्या वर्षीचा डबा परत दिला तेव्हा आत बिस्किटं होती, लोणी आणि अंडं दोन्ही घातलेली. मी खाल्ली. दोन.

वाळूची पोती गाडीच्या डिकीतच आहेत, बाबांना उचलवत नाहीत. तू चोवीसला दुपारपर्यंत पोचणार असलीस तर ती तशीच ठेवते. नसलीस तर समोरच्या काकांच्या मुलाला सांगते, तो आलाय. काय ते शुक्रवारपर्यंत कळव.

आई