वाचकांचे प्रश्न : पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचा पहिला महिना

स्वादुपिंड, आतडे आणि जठर यांच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियांविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. ती सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावीत. एखाद्या रुग्णाबाबतचा निर्णय त्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

प्रश्न : माझ्या आईचे वय ६४ आहे. कावीळ झाली म्हणून सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन केले, तेव्हा स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ आढळली. गाठ काढता येण्याजोगी आहे, व्हिपल शस्त्रक्रिया करावी लागेल, असे सांगितले आहे. आमच्या शहरातील ओळखीचे सर्जन येथेच करू म्हणतात. मामांचा आग्रह मुंबईला नेण्याचा आहे. मुंबईत राहण्याची सोय नाही आणि तारीखही लगेच मिळणार नाही. काय करावे? (एक वाचक, जिल्हा सांगली)

उत्तर : तुमच्या मामांचा आग्रह सकारण आहे, मात्र मुंबई हाच एकमेव पर्याय आहे असे नाही.

या शस्त्रक्रियेत स्वादुपिंडाचे डोके, त्याला लागून असलेले लहान आतड्याचे पहिले वळण, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा काही भाग एकत्र काढून टाकतात. त्यानंतर उरलेले स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर असे तीन जोड लहान आतड्याला नव्याने द्यावे लागतात. त्यांपैकी स्वादुपिंडाचा जोड सर्वांत नाजूक असतो, कारण तेथून पाझरणारा पाचकरस आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांची भिंतही पोखरू शकतो. गाठ निघाली की निम्मे काम झाले, असे जाणकार सर्जन म्हणतात. उरलेले निम्मे पुढच्या दोन आठवड्यांत वॉर्डात आणि अतिदक्षता विभागात होते.

अशा शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या आणि क्वचित करणाऱ्या रुग्णालयांत किती अंतर पडते, याचा मोठा अभ्यास अमेरिकेत झाला आणि २००२ साली प्रसिद्ध झाला. तेथील सरकारी विमा योजनेतील, म्हणजे मुख्यतः ६५ वर्षांवरील रुग्णांची १९९४ ते १९९९ या काळातील माहिती त्यात वापरली होती. स्वादुपिंडाची अशी शस्त्रक्रिया वर्षाला सरासरी एकही होत नसलेल्या रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण १६.३ टक्के निघाले, तर वर्षाला सोळाहून अधिक होणाऱ्या रुग्णालयांत ते ३.८ टक्के होते. अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेतही मोठी तफावत दिसली. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेत मात्र ती त्यामानाने बरीच कमी होती. आकडे जुने आहेत, परदेशातले आहेत आणि आज सर्वत्रच परिस्थिती सुधारली आहे, हे मान्य करूनही या अंतराची दिशा त्यानंतरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा तशीच आढळली आहे.

म्हणून ओळखीच्या सर्जनांना संकोच न बाळगता विचारावे, की मागील वर्षात या रुग्णालयात व्हिपल किती झाल्या आणि त्यांतले किती रुग्ण घरी गेले. रात्री रक्तस्राव झाला तर रक्तवाहिनीतून नळी घालून तो थांबवू शकणारा रेडिओलॉजिस्ट उपलब्ध आहे का, रक्तपेढी आवारात आहे का, अतिदक्षता विभागात रात्री पूर्णवेळ डॉक्टर असतो का, हेही विचारावे. चांगला सर्जन या प्रश्नांनी दुखावत नाही. तो दुखावलाच, तर त्यातूनही तुम्हाला उत्तर मिळाले असे समजावे.

टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ साली राष्ट्रीय कर्करोग ग्रीड स्थापन झाले. त्यात देशभरातील अनेक कर्करोग केंद्रे सहभागी असून तुमच्या जवळचे केंद्र त्यात आहे का, याची चौकशी करता येईल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया समाविष्ट आहेत. रुग्णालय त्या योजनेत आहे का आणि नेमकी हीच शस्त्रक्रिया तेथे मंजूर होते का, हे तेथील आरोग्यमित्राकडून आधीच पक्के करून घ्यावे.

तारखेची भीती काही अंशी खरी आहे. तथापि योग्य ठिकाणी पोहोचण्यासाठी दोन-तीन आठवडे गेले, तर सहसा त्यामुळे निर्णय बदलत नाही. स्कॅन आणि शस्त्रक्रिया यांत साधारण चार आठवड्यांहून अधिक अंतर पडल्यास स्कॅन पुन्हा करण्याचा संकेत आहे, तो पाळावा. एक गोष्ट मात्र घाईने करू नये. कावीळ दिसली की लगेच एंडोस्कोपीने पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे पित्त वाहते ठेवणारी छोटी नळी, टाकण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आधी स्टेंट टाकलेल्या गटात गंभीर गुंतागुंत ७४ टक्के रुग्णांना झाली, तर थेट शस्त्रक्रिया केलेल्या गटात ३९ टक्के रुग्णांना. त्या चाचणीत फार तीव्र कावीळ असलेले रुग्ण नव्हते. थंडी वाजून ताप येणे, बिलिरुबिन (काविळीचे प्रमाण दाखवणारा रक्तातील घटक) खूप वाढलेले असणे किंवा आधी केमोथेरपी द्यायची असणे, अशा कारणांसाठी स्टेंट लागतोच. परंतु तो शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला विचारून टाकावा.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या (वय ७१) मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया एका खासगी रुग्णालयात झाली. चौथ्या रात्री त्यांचे पोट फुगले, छाती धडधडू लागली. ‘गॅस आहे, फिरवा म्हणजे बरे वाटेल’ असे सांगण्यात आले. सातव्या दिवशी जोड सुटल्याचे समजले, दुसरी शस्त्रक्रिया करून पोटावर संडासची पिशवी लावली. ते वाचले, पण पहिल्या शस्त्रक्रियेला आता पाच आठवडे झाले तरी अशक्तपणा आहे. रिपोर्टमध्ये १४ पैकी ३ लसिकाग्रंथींत कर्करोग आहे. सर्जनची चूक झाली का? आणि पुढे काय? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : जोड सुटणे ही आपोआप चूक ठरत नाही. निष्णात हातांनी घातलेले जोडही सुटतात. जोड गुदद्वाराच्या जितका जवळ तितका हा धोका वाढतो आणि अगदी खालच्या जोडांत तो दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिकही असतो. वय, मधुमेह, तंबाखू, घटलेले वजन, स्टिरॉइड औषधे, आतड्याला कमी पडलेला रक्तपुरवठा अशी त्याची अनेक कारणे असतात.

तुमच्या पत्रातील खरा प्रश्न चौथी रात्र ते सातवा दिवस या काळाविषयीचा आहे, आणि शस्त्रक्रियेच्या परिणामांचा विचार करताना हाच भाग सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. अमेरिकेतील १८६ रुग्णालयांतील सुमारे ८५ हजार रुग्णांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. सर्वांत कमी मृत्यू असलेल्या आणि सर्वांत जास्त मृत्यू असलेल्या रुग्णालयांची त्यात तुलना होती. गुंतागुंत दोन्हींकडे जवळजवळ सारखीच, म्हणजे अनुक्रमे २६.९ आणि २४.६ टक्के रुग्णांत आढळली. परंतु मोठी गुंतागुंत झालेल्यांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात १२.५ टक्के होते आणि दुसऱ्या गटात २१.४ टक्के. संकट दोन्हीकडे सारखेच येते. ते वेळेत ओळखून रुग्णाला त्यातून बाहेर काढण्याची तयारी सर्वत्र सारखी नसते.

भारतासह ८२ देशांतील ४२८ रुग्णालयांत स्तन, जठर आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया झालेल्या जवळपास १६ हजार रुग्णांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचा निष्कर्षही याच मार्गाने गेला. मोठी गुंतागुंत झाल्यावर मृत्यू येण्याचा धोका गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत श्रीमंत देशांपेक्षा कितीतरी अधिक होता. याचा दोष केवळ सर्जनच्या हातावर टाकता येत नाही. रात्रपाळीला एका परिचारिकेकडे किती रुग्ण आहेत, रात्री सीटी स्कॅन होतो का आणि दुसऱ्यांदा शस्त्रक्रियागृहात नेण्याचा निर्णय कोण, किती तासांत घेतो, यावर बरेच अवलंबून असते.

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या ते सातव्या दिवसांत नाडी वाढणे, श्वासाची गती वाढणे, पोट फुगणे आणि रुग्ण ‘बरा दिसत नाही’ असे घरच्यांना वाटणे ही चिन्हे एकत्र आली, तर जोडाची शंका घेऊन तपासणी करायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे. ती घेतली गेली की नाही, हे नोंदी पाहिल्याशिवाय मी सांगू शकत नाही. त्यासाठी कागदपत्रांची प्रत लेखी अर्ज देऊन मागावी. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार ती ७२ तासांत द्यावी लागते. त्यात परिचारिकांनी नोंदवलेला नाडी, ताप, रक्तदाब आणि लघवीचा तक्ता असतो. दुसऱ्या सर्जनला दाखवायचा झाल्यास तोच सर्वांत उपयोगी पडेल.

मात्र तक्रारीच्या धावपळीत उपचार मागे पडू देऊ नका. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात किमान १२ लसिकाग्रंथी तपासल्या जाव्यात असा दंडक आहे, तो येथे पूर्ण झाला आहे. त्यांपैकी तीनमध्ये कर्करोग असल्याने हा तिसरा टप्पा ठरतो आणि केमोथेरपीचा विचार करावा लागतो. ती शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवड्यांत सुरू व्हावी असा प्रयत्न असतो, कारण उशीर वाढत गेला की तिचा लाभ घटतो. गुंतागुंतीमुळे झालेले नुकसान असे पुढच्या उपचारापर्यंत पोहोचते. म्हणून याच आठवड्यात कर्करोगतज्ज्ञांची भेट घ्यावी आणि वडिलांच्या आहारात अंडी, डाळी, दूध, पनीर, मासे यांतून प्रथिने वाढवावीत. अशी पिशवी अनेकदा तात्पुरती असते. ती बंद करण्याचा विचार सहसा केमोथेरपी संपल्यावर होतो.

प्रश्न : दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केली तर कर्करोग पूर्ण निघत नाही, हे खरे आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मोठ्या आतड्याच्या बाबतीत हे खरे नाही. उत्तर अमेरिकेतील ४८ संस्थांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तीन वर्षांनंतर आजार उलटण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात १६ टक्के आणि उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात १८ टक्के होते. हा फरक गणिताने नगण्य ठरतो. दुर्बिणीने रुग्ण थोडा लवकर घरी जातो, एवढाच तिचा दावा धरावा.

प्रश्न : पतीच्या जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया पुढील महिन्यात आहे. सासूबाईंचे म्हणणे, नंतर आठवडाभर पोटात काही जाऊ देऊ नये, टाके ताणतात. रुग्णालयात मात्र दुसऱ्या दिवसापासून पाजतात असे ऐकले. शिवाय पतीला मिश्रीची सवय आहे. (एक वाचिका, सोलापूर)

उत्तर : सासूबाई सांगतात ती एके काळी डॉक्टरांचीच रीत होती. डेन्मार्कमधील सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात या रीतींची एकेक करून फेरतपासणी केली. लवकर खाणे, लवकर चालणे, नळ्या लवकर काढणे आणि अफूजन्य वेदनाशामके कमी वापरणे यांमुळे रुग्ण अधिक वेगाने सावरतात, असे त्यातून दिसले. आज बहुतेक मोठ्या केंद्रांत भुलीच्या सहा तास आधीपर्यंत हलके अन्न आणि दोन तास आधीपर्यंत पाणी चालते, आणि नंतर एक-दोन दिवसांत थोडे थोडे पाजण्यास सुरुवात होते. जठराच्या शस्त्रक्रियेत किती आणि कधी हे सर्जन ठरवतील. जठर लहान झाल्याने दिवसातून सहा-सात वेळा थोडे थोडे खाण्याची सवय मात्र पुढे कायमच ठेवावी लागते.

तुमच्या हाती असलेला हा एक महिना फार मोलाचा आहे. मिश्री आजपासून बंद करावी. विडी-सिगारेट असेल तर तीही. तंबाखू चार आठवडे आधी सुटली, तर जखम आणि फुप्फुसे यांची गुंतागुंत कमी होते. सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांहून अधिक घटले असेल, तर एक-दोन आठवडे पोषण सुधारून मगच शस्त्रक्रिया करावी असा सल्ला दिला जातो, हे सर्जनला आठवणीने सांगावे. रोज चालणे आणि श्वासाचा व्यायाम आत्ताच सुरू करावा. शस्त्रक्रियेनंतर वेदनेत तो शिकणे कठीण जाते. पोटाच्या पट्ट्याविषयीही तुम्हाला कोणीतरी सांगेलच. त्याने खोकताना आधार वाटतो, म्हणून वापरण्यास हरकत नाही. पण त्यामुळे हर्निया टळतो असे सिद्ध झालेले नाही.

प्रश्न : आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी सोडताना पोटात रोज एक इंजेक्शन, असे २८ दिवस घेण्यास सांगितले आहे. रक्त पातळ करण्याचे हे इंजेक्शन खरोखर लागते का? गाव रुग्णालयापासून तीन तासांवर आहे. (एक वाचक, जिल्हा रत्नागिरी)

उत्तर : होय, घ्यावे. कर्करोगाने रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि मोठ्या शस्त्रक्रियेने ती आणखी वाढते. हा धोका घरी गेल्यावरही कित्येक आठवडे टिकतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आठवडाभरच इंजेक्शन घेतलेल्यांपैकी १२ टक्के रुग्णांत गुठळी आढळली, तर चार आठवडे घेतलेल्यांत ४.८ टक्के. त्यांतील बहुसंख्य गुठळ्या तपासणीतच सापडलेल्या, लक्षणे नसलेल्या होत्या, हेही सांगायला हवे. परंतु त्यांतलीच एखादी फुप्फुसात जाऊन जीव घेऊ शकते. मूत्रपिंडाचा आजार, पूर्वीचा रक्तस्राव किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावे. इंजेक्शन घरातील कोणीही शिकून देऊ शकते.

अंतर तीन तासांचे असल्याने, निघण्यापूर्वी वॉर्डातून रात्री-अपरात्री उचलला जाणारा फोन क्रमांक, डिस्चार्ज कार्ड आणि शस्त्रक्रियेच्या टिपणाची प्रत मागून घ्यावी. जवळच्या जिल्हा रुग्णालयात रात्री सर्जन असतो का, याची चौकशीही करून ठेवावी. १००.४ फॅरनहाइटहून अधिक ताप, विश्रांतीतही १०० च्या वर राहणारी नाडी, पोट फुगून उलट्या होणे, जखमेतून अचानक पाणी किंवा पू येणे, एकच पोटरी सुजून दुखणे, दम लागणे किंवा काळी शौचास होणे, यांपैकी काहीही दिसल्यास उजाडण्याची वाट पाहू नये. आधी फोन करावा. दम लागत असेल, तर फोन वाटेत गाडीतून केला तरी चालेल.